मान आणि मानधन

मैत्रिणींनो, ‘रिस्पेक्ट’ हे गाणं मुळात पुरुषाचं. ओटिस रेडिंगने ते लिहिलं, १९६५ साली गायलं. त्यात घरी आलेला पुरुष बाईकडे मान मागतो. १४ फेब्रुवारी १९६७ला न्यूयॉर्कच्या स्टुडिओत अरेथा फ्रँकलिन या काळ्या गायिकेने तोच मान बाईच्या तोंडून मागितला. शब्दाचं एकेक अक्षर सुटं करून ठणकावणं मूळ गाण्यात नव्हतं, ते तिच्या गाण्यात आलं. साथीला तिच्या बहिणी, कॅरोलिन आणि अर्मा. जूनमध्ये गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. स्त्रियांच्या चळवळीनेही ते आपलं मानलं.

पण तिथल्या कायद्याने, रेडिओवर गाणं वाजलं की मानधन लिहिणाऱ्याला, गाणारीला नाही. २०१८ साली अरेथा वारली, तोवर हेच चाललं. म्हणून म्हणते, मान मागू तेव्हा हिशोबही मागू या.