तलावाची पाळ आणि पैशाचे वय
(लाखनी येथील व्याख्यानाचा मजकूर)



लाखनीत एखाद्या घराची ओळख करून देताना आजही दोन शब्द सहज वापरले जातात. एक 'खानदानी' आणि दुसरा 'आताआता वर आलेले'. पहिला शब्द उच्चारताना आवाज किंचित खाली येतो, दुसरा उच्चारताना ओठ किंचित वाकडे होतात. सोयरीक जुळवताना, संस्थेच्या कार्यकारिणीत नाव सुचवताना, एवढेच काय, मंडपात पुढच्या खुर्चीवर कुणाला बसवायचे हे ठरवतानाही हे दोन शब्द मध्ये येतात. महामार्गालगत ज्यांची काचेची दुकाने, लॉन आणि मजल्यांवर मजले चढलेले बंगले उभे राहिले, त्यांच्याकडे पैसा आहे, हे कुणी नाकारत नाही. नाकारली जाते ती त्या पैशाची प्रतिष्ठा. आणि जुन्या वस्तीतल्या ज्या वाड्याच्या दाराला वर्षातून दहा महिने कुलूप असते, त्याच्यापुढून जाताना मात्र वृद्ध माणसे अजून आदराने बोलतात.

पैशाला वय असते, अशी ही समजूत आहे. ती तपासून पाहण्यासारखी आहे.

ज्याला जुना पैसा म्हणतात, तो या भागात मुख्यतः मालगुजारीचा. मालगुजार म्हणजे सारा वसूल करून सरकारात भरणारा. भोसल्यांच्या राज्यात पाटील आणि मालगुजार गावाचा वसूल करीत, परंतु गाव त्यांच्या मालकीचे नव्हते. नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर इंग्रजांनी १८६० च्या दशकातील बंदोबस्तात या वसूलदारांना मालकी हक्क बहाल केले आणि कालचा वसूलदार आज गावाचा धनी झाला. नव्या धन्यांकडे शेजारच्या कास्तकारांनी कोणत्या नजरेने पाहिले असेल, याची कल्पना करणे अवघड नाही. 'आताआता वर आलेले' हे विशेषण तेव्हाही गावात फिरले असणार. आजच्या खानदानी घराण्यांपैकी अनेकांचे खानदान त्या बंदोबस्ताच्या कागदावर सुरू होते, हे त्यांच्या वारसांना फारसे आवडत नाही; पण इतिहास आवडीनिवडी विचारीत नाही.

मग या पैशाला प्रतिष्ठा मिळाली ती कशाने? नुसत्या वर्षांनी ती मिळत नाही. तिचे उत्तर गावाच्या वरच्या अंगाला, तलावाच्या पाळीवर सापडते.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूरचा पूर्व भाग मिळून मालगुजारी तलावांची संख्या साडेसहा हजारांहून अधिक भरते. सरकारी बोलीत त्यांना 'मामा तलाव' म्हणतात. माजी मालगुजारी या दोन शब्दांची ती आद्याक्षरे आहेत, नात्याशी त्यांचा संबंध नाही. या तलावांची परंपरा मालगुजारीहूनही जुनी. चांद्याच्या गोंड राजवटीत जो तलाव बांधील, त्याला त्या तलावाखाली भिजणारी जमीन मिळे, असे सांगितले जाते. कोहळी समाजाने या विद्येत नाव कमावले. नवेगाव बांधचा विस्तीर्ण जलाशय अठराव्या शतकाच्या प्रारंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, ही परंपरा सर्वश्रुत आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही हाच व्यवहार दिसतो: नवे तळे बांधणाऱ्याला पाच वर्षे करमाफी, मोडलेले तळे उभे करणाऱ्याला चार वर्षे, आणि संकटकाळ वगळता पाच वर्षे वापराविना पडून राहिलेल्या बांधावरचा धन्याचा हक्क संपुष्टात. मालकी आणि निगराणी या दोन गोष्टी तिथे वेगळ्या धरलेल्या नाहीत.

धानाच्या शेतीचा हिशेबच असा आहे की, मालगुजाराला तलावाकडे पाठ फिरवता येत नसे. मृग बरसला की परे टाकायचे, आषाढात रोवणी करायची आणि मग भारी धानाच्या निसवणीपर्यंत आभाळाकडे पाहत बसायचे. शेवटचा पाऊस चुकला की बांध्यांना भेगा पडतात. त्या पंधरवड्यात तलावाचे एक पाणी मिळाले तर पीक हाती येते. न मिळाले तर तणसाचाच ढीग उरतो. पीक बुडाले की सारा बुडाला आणि सारा बुडाला तरी सरकारचा हप्ता मालगुजाराच्याच मानेवर. म्हणून पाळीवर माती पडे, उन्हाळ्यात गाळ निघे, सांडवा साफ होई. पाणी कुठल्या बांधीत आधी जायचे आणि कुठल्या बांधीत नंतर, हे पाणकर पाही आणि त्याच्या निवाड्याला गाव मान देई. घरटी श्रमाचे दिवस ठरलेले असत. ढिवर मासे धरीत, गुरे पाणी पीत, गाळ शेतात जाई. मालगुजाराचा पैसा असा गावाच्या पाण्यात गुंतलेला होता. तो काढून घेऊन दुसरीकडे नेता येत नव्हता.

या चित्राला सोनेरी चौकट लावण्याचे मात्र कारण नाही. तलावाच्या याच पाळीवर वेठबिगारीची मातीही पडलेली आहे. घरटी श्रम ठरलेले होते असे म्हणताना ते कुणी ठरवले होते, हेही विचारले पाहिजे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत मध्य प्रांताने जे भोगले, त्यात वाड्यातल्या कणग्या आणि झोपडीतली चूल यांच्यातले अंतर लपून राहिले नाही. वाड्याच्या ओट्यावर कुणी बसायचे आणि अंगणात कुणी उभे राहायचे, याचे नियम होते. जुन्या श्रीमंतीच्या सौजन्याच्या कथा सांगणारे बहुधा ओट्यावर बसणारेच असतात.

हा व्यवहार मोडला तो १९५१ च्या ३१ मार्चला. भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात होता आणि नागपूर ही त्या प्रदेशाची राजधानी होती. १९५० च्या कायद्याने मालगुजारांचे मालकी हक्क गेले. घरची वहिती जमीन तेवढी राहिली आणि तलाव सरकारजमा झाले. १९६२ मध्ये महाराष्ट्रात जमीनधारणेची कमाल मर्यादा लागू झाल्यावर उरलेल्या शेतीलाही कात्री लागली. न्यायाच्या दृष्टीने हे व्हायलाच हवे होते. परंतु कायद्याने मालक हटवला आणि त्याच्या जागी निगराणीदार नेमला नाही. शंभर हेक्टरपर्यंत सिंचन असलेले तलाव पुढे जिल्हा परिषदेकडे आले. पाळ फुटली तर अर्ज करायचा आणि अंदाजपत्रकाची वाट पाहायची, हा नवा रिवाज पडला. पाणकराची जागा कागदाने घेतली.

आणि जुना पैसा? तो नागपूरला गेला. धरमपेठेत बंगले झाले, मुले वकील आणि डॉक्टर झाली, नातवंडे पुण्याला आणि तेथून परदेशी गेली. यात दोष कसला द्यायचा? तलाव गेल्यावर गावात राहण्याचे कारणच उरले नव्हते. पण मग ज्या घराने गाव सोडून दोन पिढ्या लोटल्या, त्याला गावाने खानदानी म्हणावे आणि जो इथेच राहतो, इथेच मजुरी वाटतो, इथल्याच शाळेत पोरे घालतो, त्याला उपरा म्हणावे, हा कुठला न्याय?

कारण नवा पैसा लाखनीतच आहे. तो नागपूर-रायपूर महामार्गाने आणला. साकोली तालुक्यातून लाखनी वेगळा तालुका झाला, कचेऱ्या आल्या, पुढे नगरपंचायत झाली. कुणी भातगिरणी टाकली, कुणी कंत्राटे घेतली, कुणी लाखनी-मुरमाडीच्या अंगाने बांध्या विकत घेऊन त्यांचे भूखंड पाडले. कुणाची जमीन रस्त्यात गेली आणि मोबदला हाती आला. हे पैसे एका जातीचे नाहीत. गिरणीवाल्याने यंत्राचे कर्ज फेडलेले असते, वीज बिलाने त्याची झोप उडवलेली असते. सरकारी धानाच्या भरडाईत क्विंटलमागे ६७ किलो तांदूळ परत करण्याचा हिशेब त्याला चुकवता येत नाही. भूखंडवाल्याला यातले काहीच नसते. त्याने एक सातबारा घेतला, चुन्याच्या रेघा मारल्या आणि तो मोकळा झाला. दोघांना एकाच 'नवश्रीमंत' या शब्दात कोंबणे हा आळस आहे.

नव्या पैशाला मान हवा असतो, याचेही हसे करू नये. तो सगळ्या जगात हवा असतो. न्यूयॉर्कमध्ये १८८० च्या सुमारास जुन्या घराण्यांनी आपल्या संगीतगृहातील राखीव कक्ष नव्या कारखानदारांना आणि रेल्वेवाल्यांना नाकारले. दुखावलेल्यांनी वर्गणी काढून १८८३ मध्ये स्वतःचे मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाऊस उभारले. तीनच वर्षांत जुन्या गृहातले ऑपेराचे हंगाम बंद पडले आणि नवे गृह जगप्रसिद्ध झाले. अपमानातून एक संस्था उभी राहिली. लाखनी तालुक्यात हा मान मिळवण्याची जागा म्हणजे पिंपळगाव सडकचा शंकरपट, मंडई आणि रात्रभर चालणारी दंडार. पूर्वी खोंड मालगुजाराचे धावत. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या आणि २०२१ च्या डिसेंबरात पुन्हा परवानगी मिळाली. आता पटाच्या बक्षिसावर कंत्राटदाराचे आणि गिरणीवाल्याचे नाव असते. बैलाला याचे काही वाटत नाही, प्रेक्षकांनाही नाही. आश्रय बदलला, पट चालू राहिला. हे एका अर्थी चांगलेच झाले.

पुण्याच्या आसपास हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर घडली. बाणेर, वाकड, हिंजवडी इथल्या जमिनी गुंठ्यागुंठ्याने विकल्या गेल्या आणि 'गुंठामंत्री' हा शब्द मराठीत रूढ झाला. गळ्यातली साखळी आणि दारातली गाडी यांपलीकडे अनेकांकडे दुसऱ्या पिढीत काही उरले नाही. त्याच पुण्यात हडपसरला सुमारे सव्वाशे मगर शेतकरी कुटुंबांनी आपली चारशे एकरांहून अधिक जमीन विकली नाही, एकत्र केली. सतीश मगर यांच्या पुढाकाराने २००० च्या सुमारास तिथे मगरपट्टा सिटी उभी राहू लागली आणि कुटुंबे जमिनीच्या प्रमाणात कंपनीची भागीदार झाली. दोन्हीकडे पैसा नवाच होता. एकीकडे तो जमिनीपासून सुटला, दुसरीकडे बांधलेला राहिला.

लाखनीच्या नव्या पैशाला बांधून ठेवणारी गोष्ट शोधायला दूर जावे लागत नाही. ज्या गिरणीच्या धुराड्याकडे वाड्यातली माणसे नाक मुरडून पाहतात, त्या गिरणीत येणारा धान कुठल्या पाण्यावर पिकतो? पाऊस ताणला तर त्यातला बराचसा याच मामा तलावांच्या आणि बोड्यांच्या. गिरणीवाला मालगुजाराचा वारस नाही. पण तलाव आटला तर मालगुजाराचा वसूल जसा बुडे, तसाच गिरणीचा हंगामही बुडतो. हे नाते सातबाऱ्यावर लिहिलेले नाही, म्हणून कुणाच्या ध्यानात येत नाही. भूखंडवाल्याच्या ध्यानात मात्र ते उलट्या बाजूने येते: तलाव जितका उथळ, तितकी बुडीत क्षेत्राची कड सरकवायला सोपी.

सत्तर-पंचाहत्तर वर्षांचा गाळ अनेक तलावांत साचला आहे. २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही सरकारी योजना आहे. यंत्र आणि इंधन हा खर्चाचा मोठा भाग. गाळ वाहून नेणे सुरुवातीला कास्तकाराच्या अंगावर होते. चैत्र-वैशाखात तलावाचे पोट उघडे पडते, तेव्हा गिरण्यांचे ट्रॅक्टर आणि कंत्राटदारांची मातीकामाची यंत्रे याच तालुक्यात असतात. कुठे ती पाळीकडे वळतात, कुठे नव्या लेआउटच्या सपाटीकरणाला जातात. वाड्यांचे वारस वर्षातून एकदा, बहुधा दिवाळीला, येतात. तेव्हा तलावात पाणी असते आणि गाळ दिसत नाही.

आणि रोवणीनंतर पंधरा दिवस पाऊस दडी मारतो, तेव्हा पाण्यासाठी अर्ज कुणाच्या नावाने लिहायचा, याचीच चौकशी कास्तकाराला आधी करावी लागते.