वस्तू राहिली, हात कुठे गेला?



व्याख्यानमालेच्या चालकांनी ‘जुन्या घरगुती वस्तूंचा संग्रह’ या विषयावर बोलावे असे आम्हांला सुचविले, तेव्हा आम्ही त्यांना विचारले, ‘आपण दुसऱ्या कुणाचे पत्र चुकून आमच्या घरी टाकले नाही ना?’ आमचा जन्म सभांत गेला हे खरे. पण त्या सभा कारखान्याच्या फाटकापाशी, एखाद्या हातगाडीवर उभे राहून केलेल्या. शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. आणि संग्रह म्हणाल, तर जुन्या मागणीपत्रांच्या फायलींखेरीज आमच्यापाशी काही नाही.

तरीही आम्ही होकार दिला. त्याला कारण एक गुंड. पाण्याचा, पितळेचा गुंड. आपल्या झाडीपट्टीत घरोघर असायचा तोच.

आमची आई बिड्या वळीत असे. आम्ही बारा वर्षांचे असताना कारखान्यात टाळेबंदी झाली आणि ती लांबत गेली. दुकानदाराने उधारी थांबविली, तेव्हा आईने घरातला गुंड उतरविला. तिच्या लग्नात तिच्या वडिलांनी तो आंदणात दिला होता आणि त्याच्या गळ्याशी ठिपक्याठिपक्यांनी तिचे माहेरचे नाव कोरलेले होते. तो डोक्यावर घेऊन आम्ही तिच्याबरोबर बाजारात गेलो. दुकानदाराने तो तराजूत टाकला, घट धरली आणि मोडीच्या भावाने पैसे मोजून दिले. वजन पितळेचे झाले. नावाचे वजन तराजूत दिसले नाही. त्या पैशांत पंधरा दिवसांचे तांदूळ आले आणि आम्ही जगलो. त्याबद्दल आमची तक्रार नाही.

पुढे चाळीस वर्षांनी एका मोठ्या शहरात, एका सुखवस्तू गृहस्थांच्या दिवाणखान्यात आम्ही तसाच एक गुंड पाहिला. चकचकीत घासलेला, आत कागदी फुले. गळ्याशी ठिपक्यांत एका बाईचे नाव. तो आमचा नव्हता. नाव दुसरेच होते. गृहस्थ मोठे अगत्यशील. गुंड कुठून आणला, किती रुपयांना आणला, आता त्याची किंमत काय झाली, हे सारे त्यांनी हौसेने सांगितले. आम्ही विचारले, ‘ही बाई कोण?’ ते म्हणाले, ‘कोणती बाई?’ त्यांनी ते नाव वाचलेच नव्हते.

श्रोतेहो, आजचे आमचे सारे व्याख्यान या एका प्रश्नाचे आहे.

संग्रह हे रिकामटेकड्यांचे काम आहे असे आम्हीही एके काळी समजत होतो. ती समजूत पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाने काढून टाकली. दिनकर गंगाधर केळकर हे ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत. घरचा व्यवसाय चष्म्यांचा. १९२० च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमवावयास सुरुवात केली. पुढे त्यांचा राजा नावाचा मुलगा लहानपणीच वारला आणि हा सारा संग्रह त्यांनी त्या मुलाच्या नावे केला. पत्नी कमलाबाई या खटाटोपात त्यांच्या बरोबरीने राहिल्या. १९६० पर्यंत वस्तूंची संख्या पंधरा हजारांच्या घरात गेली होती, आणि १९७५ साली त्यांनी तो संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. तो विकून ते गडगंज होऊ शकले असते. त्यांनी तसे केले नाही.

आणि त्यांनी जमविले काय? राजेरजवाड्यांच्या तलवारी तर कोणीही जमवील. केळकरांनी अडकित्ते जमविले, दिवे जमविले, पाय घासायच्या वज्री, फण्या, पानाचे डबे, कोरीव दरवाजे, स्वयंपाकघरातली भांडी जमविली. ज्या वस्तूकडे पाहुणा ढुंकून पाहत नाही ती त्यांनी काचेच्या कपाटात ठेवली आणि पाहुण्याला थांबावयास लावले. सुपारी कातरायच्या साध्या हत्याराला मोराचा आकार द्यावा असे ज्या लोहाराला वाटले, त्याला कोणी त्याचे जादा पैसे दिले असतील काय? कामगार चळवळीत आयुष्य काढलेल्या माणसाला हा प्रश्न पडतोच. माणूस मजुरीपुरते काम करतो हे अर्धे सत्य आहे. उरलेले अर्धे त्या अडकित्त्यावर बसलेले असते.

आता थोडे दूर जाऊ. अमेरिकेत हा छंद आपल्याहून फार मोठ्या प्रमाणावर चालला. पेनसिल्व्हेनियात जर्मन वंशाचे शेतकरी होते. मुलगी वयात येऊ लागली की तिच्यासाठी लाकडी पेटी करवून घेत. तिच्यावर ट्यूलिपची फुले, पक्षी रंगवीत आणि पुष्कळदा मुलीचे नाव आणि साल घालीत. आमच्या आईच्या गुंडाचेच ते भावंड! रंगविलेल्या खुर्च्या, वाऱ्याची दिशा दाखविणारे पत्र्याचे कोंबडे, दुकानांच्या पाट्या, लाकडी बदके हे सारे एके काळी माळ्यावर टाकलेले होते. १९२० नंतर तेथील धनिकांचे तिकडे लक्ष गेले. त्यांत अॅबी रॉकफेलर ही बाई प्रमुख. १९३२ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात ‘सामान्य माणसाची कला’ म्हणून जे प्रदर्शन भरले, त्यातल्या जवळजवळ साऱ्या वस्तू तिच्या होत्या. १९५७ साली तिच्या नावे विल्यम्सबर्ग येथे स्वतंत्र संग्रहालय उघडले.

रॉकफेलर हे नाव घेतले की आम्हां संघटनेच्या माणसांना दुसरे एक साल आठवते. १९१४ साली कोलोरॅडोतील लडलो येथे संपकरी खाणकामगारांच्या तंबूंवर हल्ला झाला, तंबू पेटविले गेले आणि एका खड्ड्यात आसरा घेतलेल्या दोन स्त्रिया व अकरा मुले मेली. त्या कोळसा कंपनीची सूत्रे रॉकफेलर घराण्याच्या हाती होती. सामान्य माणसाची कला जपणारे घर आणि सामान्य माणसाच्या तंबूंना आग लागली ती खाण, दोन्ही एकाच तिजोरीशी जोडलेली! हे आम्ही त्या बाईला दोष देण्यासाठी सांगत नाही. तिने वस्तू घेतल्या नसत्या तर त्यांतल्या कित्येक चुलीत गेल्या असत्या. आम्ही एवढेच म्हणतो की, वस्तूवर प्रेम करणे सोपे आहे. ती घडविणाऱ्यावर प्रेम करणे महाग पडते, कारण तो मजुरी मागतो.

ते प्रदर्शन मांडणारा होल्गर केहिल हा मात्र आमच्या जातकुळीचा माणूस. आइसलंडमधून आलेल्या गरीब कुटुंबातला, मिळेल ती मजुरी करीत स्वतःच शिकलेला. १९२९ नंतरच्या मंदीत लाखो लोक बेकार झाले, त्यांत चित्रकारही होते. सरकारने त्यांना काम द्यावयाची योजना काढली आणि केहिल तिचा प्रमुख झाला. १९३५ ते १९४२ या काळात बेकार चित्रकारांना पगार देऊन त्यांच्याकडून जुन्या पेट्या, खेळणी, भांडी, रजया यांची हुबेहूब रंगीत चित्रे काढून घेतली गेली. सुमारे अठरा हजार चित्रे झाली. ती आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलादालनात आहेत. वस्तू जिच्या तिच्याकडे राहिली, नोंद देशाची झाली आणि बेकाराच्या घरी चूल पेटली. संग्रहाची याहून चांगली रीत आम्हांला ठाऊक नाही.

आता एका कुंभाराची गोष्ट. दक्षिण कॅरोलिना प्रांतात डेव्ह नावाचा एक गुलाम होता. मातीचे मोठाले रांजण घडवी. त्या प्रांतात १८३४ साली गुलामांना लिहावाचावयास शिकविण्यावर कायद्याने बंदी आली. डेव्हला मात्र लिहिता येत होते. आणि तो ओल्या रांजणावर तारीख घाली, कधी दोन ओळींची कविता कोरी आणि खाली आपले नाव लिही. ज्याच्या देहावर त्याची मालकी नव्हती, त्याने रांजणावर सही केली! २०२१ साली त्याचा १८५८ सालचा एक रांजण लिलावात पंधरा लाख डॉलरांहून अधिक किमतीला गेला. किमतीचे सोडा. त्याच्याभोवती शेकडो कुंभार राबले. आज आपण डेव्हला ओळखतो, कारण त्याने नाव लिहिले.

बाकीच्यांनी का लिहिले नाही? लिहिता येत नव्हते म्हणून, लिहू दिले नाही म्हणून, आणि ‘आपले नाव कशाला?’ असे त्यांना लहानपणापासून शिकविले म्हणून. ही शिकवण आपल्याकडेही कमी नाही.

चला, परत गोंदियाला येऊ. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. आपल्या विदर्भाची ही खास चाल. मुले लाकडी नंदी सजवून घरोघर नेतात आणि बोजारा मागतात. ज्यांची घरे जुनी आहेत त्यांच्या माळ्यावर आजोबाच्या, पणजोबाच्या वेळचा नंदी असेल. पाठीवर रंगविलेली झूल, शिंगांना पिवळा पट्टा, पायाला चाके, आणि पाच-पन्नास पोळ्यांच्या रंगांचे थर एकावर एक. आता विचारतो, रागावू नका: आपल्यापैकी कितीजणांना तो नंदी कोणत्या वाढयाने केला हे सांगता येईल? आम्हांलाही आमच्या घरचा सांगता येत नाही. त्याला धान किती मिळाले, तो कोणत्या गावचा, त्याची नातवंडे आज काय करतात, काही ठाऊक नाही. तेच बुरडाने विणलेल्या ढोलीचे आणि सुपाचे, तेच भंडाऱ्याच्या पितळी भांड्यांवर ठोके देणाऱ्याचे. पितळेवरचा प्रत्येक ठोका दिसतो. ठोकणारा दिसत नाही.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. जुने ते सारे सोने, असे आम्ही म्हणत नाही. हल्ली हॉटेलच्या दारात जाते मांडतात, त्यावर दिवे लावतात. आमच्या आईने पहाटे उठून जाते ओढले आहे. मोहल्ल्यात पिठाची गिरणी आली त्या दिवशी तिने गिरणीला हळदकुंकू वाहिले. तिला जाते हवे का म्हणून विचारले असते, तर तिने ते तुमच्या पायावर टाकले असते! वस्तूची आठवण ठेवावयाची म्हणजे तिने दिलेल्या कष्टांचीही ठेवावयाची. नाहीतर आपण जपतो ती वस्तू नव्हे, आपली हौस.

मग करावयाचे काय? पैसा लागत नाही असे काम सांगतो. घरातली एक जुनी वस्तू काढा. तिच्याबरोबर एक कागद ठेवा आणि त्यावर पाच उत्तरे लिहा. ती कुणी घडविली? कोणत्या गावी? कुणी वापरली? घडविणाऱ्याला काय मिळाले? आणि ती वापरातून का गेली? घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाला आजच विचारा. उद्यावर टाकू नका. एखादे उत्तर मिळाले नाही, तर जागा कोरी ठेवा, पण खोटे लिहू नका. शाळांच्या गुरुजनांना आमची विनंती आहे की, येत्या तान्ह्या पोळ्याला नंदीच्या सजावटीचे बक्षीस देता, तसेच एक बक्षीस नंदीच्या माहितीलाही द्यावे.

आणि दारात जुनी भांडी, जुने दरवाजे विकत घेणारा आला, तर घाई करू नका. १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुन्या अशा वस्तू परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत. विकू नका असे सांगण्याचा अधिकार आम्हांला नाही. अडचणीत आम्हीही विकले आहे. पण विकण्यापूर्वी तिचे चित्र काढून ठेवा आणि तो कागद लिहून ठेवा. वस्तू गेली तरी माणूस राहील.

आमच्या संघटनेच्या खोलीत आम्ही सुरुवात केली आहे. एक सूप, एक कात्री, पान कापावयाचा पत्र्याचा एक फर्मा आणि मजुरीची एक जुनी नोंदवही एवढाच आमचा संग्रह. हा फर्मा ज्या बाईचा, तिने त्यावर वर्षानुवर्षे अंगठा दाबून एक खळगा पाडला आहे. तिला लिहिता येत नव्हते. सूप ज्या बुरडाने विणले त्याचे नाव शोधून आम्ही चिठ्ठीवर लिहिले. फर्म्यापाशी त्या बाईचे नाव लिहिले, आणि चिठ्ठी तिला वाचून दाखविली. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘माझ्या बहिणीचं बी लिहा. ती माझ्यापेक्षा जास्त वळत होती.’

आम्ही लिहिले. आपणही लिहावे, एवढेच सांगावयाचे होते.