एका घरांतील दोन देव्हारे

भाकरीचा पहिला घांस हातांत घेतला कीं मनुष्याला कोणाची तरी आठवण होते. कोणी पानाभोंवतीं पाणी फिरवून चित्राहुति घालतो, कोणी 'बिस्मिल्ला' म्हणून थाळीला हात लावतो, तर कोणी क्षणभर डोळे मिटून आकाशांतल्या पित्याचे उपकार स्मरतो. भाकरी तिघांचीहि जोंधळ्याचीच असते. ज्या पावसावर तो जोंधळा पिकला, तो पाऊस पडतांना शेताच्या मालकाचा धर्म विचारीत नाहीं. तिघांच्याहि मनांत त्या क्षणीं जी वृत्ति उमटते तीहि एकच असते. जें पुढ्यांत आहे तें सगळेंच आपल्या कर्तबगारीचें नाहीं, त्यांतलें पुष्कळसें आपणांस मिळालेलें आहे, ही ती वृत्ति होय. हिलाच कृतज्ञता असें म्हणतात.

जो 'मिळालें' असें म्हणतो तो नम्र असावयास पाहिजे. परंतु मनुष्यस्वभाव विचित्र आहे. 'देवानें मला दिलें' या वाक्यांत एक अक्षर अधिक पडलें, कीं तें 'देवानें मलाच दिलें' असें होतें, आणि त्या एका 'च'नें कृतज्ञतेचा अहंकार होऊन बसतो. मग शेजाऱ्यानें मानलेले आभार खोटे वाटूं लागतात. त्याचें देवाला हांक मारण्याचें नांव निराळें, त्याची बसण्याउठण्याची रीत निराळी, एवढ्यावरून त्याचा देवहि निराळा ठरतो, आणि ज्या भावनेनें मनुष्यें जवळ यावयाचीं तिच्यामुळेंच तीं दूर जातात.

हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाहीं. एकनाथांच्या हिंदु-तुर्क संवादांत दोघे वादी एकमेकांच्या आचारांतील उणीं मोठ्या आवेशानें काढतात आणि शेवटीं एकमेकांस आलिंगन देतात. नाथांनीं वाद लपविला नाहीं, हें येथें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. श्रीगोंद्याचे शेख महंमद यांनीं मुसलमान कुळांत जन्म घेऊन मराठी संतपरंपरेंत मानाचें स्थान मिळविलें आणि 'योगसंग्राम' हा ग्रंथ रचला. गोमंतकांत फादर स्टीफन्स या इंग्रज धर्मोपदेशकानें ख्रिस्ताची कथा सांगावयासाठीं मराठी ओंवीचा आश्रय केला, आणि त्याचें 'ख्रिस्तपुराण' १६१६ सालीं छापून निघालें. एकाच भाषेनें आणि एकाच छंदानें निरनिराळ्या धर्मांच्या माणसांना देवाचे उपकार गावयास वाणी दिली, ही गोष्ट मराठीला भूषणावह आहे.

तथापि ग्रंथांतील सलोखा हा तुलनेनें सोपा असतो. मतभेदाची खरी कसोटी घरांत लागते. एकाच चुलीजवळ बसणाऱ्या दोन माणसांचे देव जेव्हां निराळे होतात, तेव्हां सहिष्णुतेवरील व्याख्यानें फारशीं उपयोगीं पडत नाहींत. महाराष्ट्रांत असें एक घर होऊन गेलें, आणि त्या घरांत काय घडलें याची हकीकत त्या घरच्या गृहिणीनेंच लिहून ठेविली आहे. तें घर रेव्हरंड नारायण वामन टिळक व लक्ष्मीबाई टिळक यांचें.

टिळकांचा जन्म १८६१ सालीं रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांवीं झाला. लक्ष्मीबाई नाशिकजवळच्या जलालपूरच्या, गोखल्यांच्या घरच्या. त्यांच्या वडिलांचें सोंवळें इतकें कडक, कीं बाहेरून आलेली वस्तु धुऊन घेतल्यावांचून घरांत वापरावयाची नाहीं असा शिरस्ता. अशा घरांतून आलेली ही मुलगी लहान वयांत टिळकांच्या पदरीं पडली. टिळक बुद्धिमान, कवि, उदार आणि तितकेच लहरी. एका ठिकाणीं स्थिर राहणें त्यांना माहीत नव्हतें. धर्माविषयीं त्यांच्या मनांत सतत खळबळ चाले. आपल्या देशबांधवांस उन्नत करील असा धर्म कोणता, हा विचार त्यांस स्वस्थ बसूं देईना.

अशा मनःस्थितींत असतां राजनांदगांवाकडे जातांना आगगाडींत एका गोऱ्या सहप्रवाशाची गांठ पडली. बोलतां बोलतां त्यानें टिळकांच्या हातीं नव्या कराराची एक प्रत ठेविली. त्यांतील डोंगरावरील प्रवचनानें टिळकांच्या मनाची पकड घेतली. पुढें १८९५ च्या फेब्रुवारी महिन्यांत त्यांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला.

या ठिकाणीं टिळकांचे गुण गातांना एक गोष्ट झांकून ठेवणें न्यायाचें होणार नाहीं. त्यांच्या सद्सद्विवेकबुद्धीनें जो मार्ग दाखविला तो त्यांनीं धरला, आणि तसा धरण्याचा त्यांस अधिकार होता. परंतु त्या मार्गानें जातांना त्यांची पत्नी मागें राहिली, आणि घाव बसला तो तिच्यावर. नवरा जिवंत असून नसल्यासारखा झाला. पदरांत लहान मूल. आप्तांच्या आधारावर दिवस काढावयाचे, लोकांचीं बोलणीं ऐकावयाचीं, आणि हें मूल पुढें कोणाच्या धर्मांत वाढावयाचें ही काळजी रात्रंदिवस उराशीं. धक्का असा विलक्षण होता, कीं कांहीं काळ त्यांच्या मनाचा तोलहि सुटला. कांहीं दिवस त्या पंढरपुरास जाऊन राहिल्या. श्रद्धेपायीं सोसावें लागणारें दुःख बहुतेक वेळां श्रद्धा बदलणाऱ्यापेक्षां त्याच्या माणसांसच अधिक सोसावें लागतें, आणि ज्याला देवाचे आभार मानावयाचे आहेत त्यानें त्या माणसांचेंहि ऋण विसरतां कामा नये.

टिळक तें विसरले नाहींत. त्या काळीं १८६६ चा एक कायदा अमलांत होता. धर्मान्तरामुळें पतीनें वा पत्नीनें टाकून दिलेल्या ख्रिस्ती मनुष्यास न्यायालयांत जाऊन, ठराविक मुदतीनंतर, पहिला विवाह रद्द करून घेण्याची सवलत त्या कायद्यानें दिली होती. टिळकांनीं ती सवलत घेतली नाहीं आणि दुसरें लग्नहि केलें नाहीं. ते पत्रें लिहीत राहिले आणि वाट पाहत राहिले. ज्याच्या हातीं कायद्याचें शस्त्र आहे त्यानें तें खालीं ठेवून धीर धरणें, हेंच धर्मभेदाला मिळालेलें पहिलें खरें उत्तर होय.

सुमारें पांच वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई पुन्हां पतीजवळ आल्या. त्या वेळच्या अहमदनगरास त्यांचा संसार नव्यानें सुरू झाला. परंतु त्या आल्या त्या पतीच्या धर्मांत आल्या नव्हत्या. त्यांचें सोंवळेंओंवळें, त्यांचें निराळें पाणी, त्यांचा निराळा स्वयंपाक हीं सगळीं त्यांच्याबरोबरच आलीं. एका छपराखालीं दोन देव्हारे झाले, म्हटलें तरी चालेल. या दिवसांत टिळकांनीं बळजबरी केली असती, किंवा पदोपदीं थट्टा केली असती, तर तें घर कदाचित् पुन्हां मोडलें असतें. त्यांनीं तें केलें नाहीं. पत्नीच्या मनाला तिच्या गतीनें चालूं द्यावें, एवढी समज त्यांनीं ठेविली.

मग जें झालें तें वादविवादानें झालें नाहीं. राहुरीस असतां लक्ष्मीबाईंच्या मनांत एक साधा प्रश्न उभा राहिला. पशुपक्ष्यांच्या जाति डोळ्यांना दिसतात, त्या देवानें केल्या हें उघड आहे. मनुष्यांत मात्र स्त्री आणि पुरुष यांवांचून देवानें केलेला दुसरा भेद दिसत नाहीं. तर मग ही शिवाशीव देवाची कशी असेल? हा विचार एकदां मनांत शिरल्यावर जन्मभराचें सोंवळें गळून पडलें. कोणाच्याहि हातचें खाण्यापिण्याचा संकोच त्यांस उरला नाहीं. पुढें १९०० सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. हा त्यांचा निर्णय कोणास पटो वा न पटो, तो त्यांचा स्वतःचा होता, आणि त्याचें मोल यांतच आहे.

आतां कृतज्ञतेचा विचार करूं लागलें म्हणजे या दांपत्याचें खरें मोठेपण दिसतें. नवीन श्रद्धा स्वीकारणारा मनुष्य पुष्कळदां जुन्या श्रद्धेची निंदा करण्यांत आपल्या निष्ठेचा पुरावा शोधतो. टिळकांनीं तसा पुरावा शोधला नाहीं. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापर्यंत पोंचलों, अशा आशयाचे त्यांचे उद्गार प्रसिद्धच आहेत. जो पूल ओलांडून आलों त्याला लाथ मारावयाची नाहीं, हा त्यांतला भाव. म्हणूनच त्यांनीं ख्रिस्ती उपासनेंत अभंग आणला, भजन आणलें, कीर्तन आणलें. त्यांच्या पूर्वीं मराठी ख्रिस्ती मंडळ्यांतून परकीय चालींवर रचलेलीं पुष्कळ गीतें म्हटलीं जात. टिळकांच्या रचनांनीं त्या मंडळ्यांना आपल्याच मातीच्या सुरांत देवाचे आभार मानावयास शिकविलें. 'अभंगांजली' या त्यांच्या संग्रहाचें नांवच या ऋणाची कबुली आहे.

लक्ष्मीबाईंची कृतज्ञता निराळ्या वाटेनें गेली. त्यांचीं 'स्मृतिचित्रें' १९३४ ते १९३६ या काळांत चार भागांत प्रसिद्ध झालीं. ज्या आप्तांनीं टिळकांच्या धर्मान्तराचा धिक्कार केला, त्यांच्याच घरीं लक्ष्मीबाईंनीं आपल्या वनवासाचे दिवस काढले होते. अशा आप्तांविषयीं लिहितांना लेखणी कडवट होणें स्वाभाविक होतें. परंतु या पुस्तकांत त्या माणसांनीं दिलेला आसरा आणि लावलेली माया यांची आठवण भरघोस हातानें केलेली आहे. त्यांचे हट्ट आणि रुसवे त्या हंसत हंसत सांगतात, आणि पतीचे दोषहि त्याच निर्मळपणें सांगतात. पतीच्या निधनानंतर त्याचें अपुरें राहिलेलें 'ख्रिस्तायन' हातीं घेऊन त्याचा बहुतेक भाग त्यांनींच रचला. शाळेचें शिक्षण न झालेल्या बाईनें हें केलें.

या घराची आणखी एक आठवण आहे. १९०७ सालीं जळगांवास कविसंमेलन भरलें, तेथें एका कोंवळ्या मुलानें आपल्या कवितेनें सगळ्यांचीं मनें जिंकलीं. तो मुलगा म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोमरे, महाराष्ट्राचे बालकवि. टिळकांनीं त्यास आपल्याकडे आणलें, आणि लक्ष्मीबाईंनीं त्याला पोटच्या मुलासारखें जपलें. बालकवि ख्रिस्ती झाले नाहींत आणि त्या मायेंत त्यामुळें उणें पडलें नाहीं. पुढें १९१८ सालीं, ऐन तारुण्यांत, त्यांचा रेल्वेच्या अपघातांत अंत झाला. आज त्यांच्या कवितेचा आनंद घेणाऱ्या प्रत्येकानें या ख्रिस्ती घराचें थोडें देणें मानावयास हवें.

आयुष्याच्या अखेरीस, १९१७ सालीं, टिळकांनीं मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' उभारावयास घेतला. बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांना, दोघांनाहि त्यांत जागा असावी अशी त्यांची इच्छा होती. आरंभींच्या त्या आगगाडीच्या प्रवासापासून येथपर्यंतची वाट पाहिली, म्हणजे मनुष्याची श्रद्धा जसजशी खोल जाते तसतसें तिचें दार रुंद होत जातें, असें वाटल्यावांचून राहत नाहीं. १९१९ च्या मे महिन्यांत टिळक मुंबईस वारले, आणि तो दरबार त्यांच्या मनांत होता तसा उभा राहिला नाहीं. पण त्यामागील कल्पना खोटी ठरली असें त्यावरून म्हणतां येत नाहीं.

या हकीकतीवरून 'सर्व धर्म सारखेच, तेव्हां भेदाची चर्चाच नको' असा सोपा निष्कर्ष काढणें बरोबर होणार नाहीं. टिळकांस धर्म सारखे वाटले असते तर त्यांनीं एवढी किंमत देऊन धर्म बदलला नसता, आणि लक्ष्मीबाईंना ते सारखे वाटले असते तर पांच वर्षें त्या पतीपासून दूर राहिल्या नसत्या. भेद खरा होता, आणि दोघांनींहि तो खरा मानला. त्यांनीं भेदाला दिलेलें उत्तर एवढेंच, कीं दुसऱ्याच्या मनावर सत्ता चालवावयाची नाहीं, ज्यांनीं येथवर आणलें त्यांचे उपकार नाकारावयाचे नाहींत, आणि दारांत आलेल्यास भाकरी वाढतांना त्याच्या देवाचें नांव विचारावयाचें नाहीं.

देवाचे आभार मानणें ही दिवसांतून दोन मिनिटांची गोष्ट आहे; ते खरे होते कीं नाहींत हें उरलेल्या दिवसांत ठरतें. आपल्याहून निराळ्या रीतीनें हात जोडणारा, किंवा मुळींच हात न जोडणारा, मनुष्य समोर आला असतां ज्याची मुद्रा कठोर होत नाहीं, त्याचे आभार देवापर्यंत पोंचले असें समजावें. असे आभार मानणारीं माणसें प्रत्येक धर्मांत झालीं आहेत, आणि त्यांतलीं दोन एकाच घरांत राहून गेलीं, हें महाराष्ट्राचें भाग्य होय.