वारा कुठून येईल?
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील मनोगत)



शहापूर आणि मुरबाड, दोन्ही तालुक्यांतून आज सगळे जमलोय. मला सांगितलं होतं, “संगणक क्षेत्रातल्या अनुभवांवर बोल.” पण मी बोलणार आहे माझ्या एका चुकीबद्दल. पहिल्या रांगेत आपले भूगोलाचे सर बसले आहेत, त्यांच्यासमोर ती कबूल करायची आहे.

२०२०च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा मी लॅपटॉप घेऊन सरळगावजवळच्या माहेरी आले. माळ्यावर रेंज मिळायची, तिथंच ऑफिस थाटलं. मे संपत आला. घरोघरी आगोटची तयारी सुरू होती. कौलं शाकारून झाली, सरपण आत आलं. पश्चिमेच्या पडवीला झापं आणि प्लॅस्टिकचा कागद बांधला. आपल्याकडे पावसाची झड पश्चिमेकडून येते, त्यामुळे सगळा बंदोबस्त त्याच बाजूला.

३ जूनला, मृगाला चार दिवस असताना, ‘निसर्ग’ चक्रीवादळ येणार अशी बातमी होती. हे नाव बांगलादेशानं सुचवलेलं. आदल्या दिवसापासून फोनवर सूचना येत होत्या आणि त्यांत ठाणे जिल्ह्याचं नावही होतं. पण मी नकाशा बघितला. वादळ अलिबागच्या आसपास धडकणार होतं, आणि अलिबाग आपल्यापासून सरळ रेषेतही ऐंशी-नव्वद किलोमीटर. वादळ ही किनाऱ्यावरची गोष्ट, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं.

सकाळी नऊच्या सुमारास शेजारची मैत्रीण आली. आपल्याच वर्गातली, आठवीत शाळा सुटलेली. अंगणातूनच म्हणाली, “काय गं, तुझ्या मोबाइलात काय सांगतात? वारा कुठून येल? पत्रा बांधू का?”

मी माळ्यावरून न उतरताच म्हटलं, “अगं, आपल्याकडे काही येत नाही. समुद्र कुठं, आपण कुठं!”

इंजिनिअर बाई म्हणतेय म्हटल्यावर ती निश्चिंत होऊन गेली.

दुपारी वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. तिथं वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या वर होता. श्रीवर्धन-मुरूडच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, हे आपण नंतर पाहिलं. जमिनीवर आलं की वादळाला समुद्राची वाफ मिळत नाही, त्याचा जोर उतरत जातो. पण ते काही वाळूवर थांबत नाही. रायगडमधून ते पुणे जिल्ह्याकडे सरकलं आणि त्याची कड आपल्यावरून गेली.

आधी वीज गेली, मग रेंज. तासभर आधी सगळ्या जगाची माहिती हातात होती, आता समोरचा रस्ता दिसेना. वाऱ्याचा असा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. आणि वारा येत होता पूर्वेकडून! झापं बांधलेली पश्चिमेची बाजू शांत, आणि उघड्या बाजूनं कौलं उडतायत. आई देवघरापाशी बसून एकच वाक्य म्हणत होती, “असा उलटा वारा कधी पाहिला नाही गं.”

मैत्रिणीच्या घराचा पूर्वेकडचा पत्रा वाळक्या पानासारखा वर गेला. तिची सासू अंथरुणाला खिळलेली. करोनामुळे कुणी कुणाच्या घरात जात नव्हतं, पण आईनं दार उघडलं. आम्ही तिघींनी म्हातारीला गोधडीसकट उचलून आमच्या ओटीवर आणलं. संध्याकाळी वारा ईशान्येकडे फिरला आणि हळूहळू उतरला. माणसं वाचली. पेरणीसाठी ठेवलेलं भाताचं बियाणं मात्र सगळं भिजलं.

मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, “तुला तरी काय ठाऊक असनार?”

हेच मला लागलं. कारण मला ठाऊक होतं. सर, नववीत तुम्ही फळ्यावर मोठं वर्तुळ काढून बाण दाखवले होते. उत्तर गोलार्धात चक्रीवादळाचे वारे केंद्राभोवती घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतात. परीक्षेत मी ती आकृती काढली आणि पैकीच्या पैकी गुण घेतले. वादळ आपल्या दक्षिणेला असेल तर वारा पूर्वेकडून येणार, हे त्या आकृतीतच होतं. मैत्रिणीनं नेमका तोच प्रश्न विचारला होता. माझ्या लेखी तो पेपर १९९३ सालीच संपला होता.

पुढच्या वर्षी, १७ मे २०२१ला, ‘तौक्ते’ आलं. ते किनाऱ्याला समांतर, समुद्रातून गुजरातकडे निघालं होतं, म्हणजे आपल्या पश्चिमेला. या वेळी मी ठाण्यात होते. आदल्या दिवशी कागदावर सरांचं वर्तुळ काढलं आणि मैत्रिणीला फोन केला, “वारा आधी आग्नेयेकडून, मग दक्षिणेकडून येईल. त्या बाजूचा पत्रा बांध. बियाणं आमच्या माळ्यावर ठेव. सासूबाईंना आजच आईकडे आण.” तिनं तसं केलं, आणि वाडीतल्या चार घरांना सांगितलंही. पत्रा जागेवर राहिला.

आपल्यापैकी बरेच जण आता पुण्या-मुंबईला किंवा परदेशात आहेत. गावाकडची माणसं अजून आपल्याला विचारतात, “तुम्ही शिकलेले, तुम्ही सांगा.” तेव्हा माळ्यावरून उत्तर देऊ नका. सूचना नीट वाचा, खाली उतरा आणि त्यांच्या घराची कुठली बाजू उघडी आहे ते बघा.

आणि एक खूणगाठ बांधून ठेवा. मोकळ्यावर वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिलात, तर वादळाचं केंद्र साधारण तुमच्या डाव्या हाताला असतं. सर, बरोबर आहे ना?

तुम्ही मान हलवलीत. आता मी बसते.