उशाशी बसलेले माणूस

२०२० सालच्या मार्चअखेरीपासून जवळजवळ सत्तर दिवस मी रोज संध्याकाळी साडेसहा वाजता बडोद्याहून इंदूरला फोन करीत असे. फोन वहिनी घेत. माझा प्रश्न ठरलेला असे, ‘आई कशी आहे?’ आणि त्यांचे उत्तरही ठरलेले असे, ‘बरी आहे, भाऊजी.’ मग आईने काय खाल्ले, झोप लागली की नाही, अंग गरम तर नाही ना, एवढी विचारपूस करून मी समाधानाने फोन बंद करी. आपण आपले कर्तव्य केले असे मला वाटे. त्या सत्तर दिवसांत ‘वहिनी, तुम्ही कशा आहात?’ असे मी एकदाही विचारले नाही. आजच्या विषयावर बोलण्याचा मला काही अधिकार पोहोचत असेल, तर तो या चुकीमुळेच पोहोचतो.

आमची आई त्या वेळी चौऱ्याऐंशी वर्षांची होती. तीन वर्षांपूर्वी तिला अर्धांगवायूचा झटका येऊन उजवे अंग गेले होते. रामबागेतल्या आमच्या जुन्या घरात थोरले बंधू आणि वहिनी तिच्याजवळ असत. सकाळी आठ ते संध्याकाळी सहापर्यंत तिचे सारे करावयास एक बाई येत. आठवड्यातून दोनदा व्यायाम करवून घेणारा एक तरुण येई, आणि रविवारी माझी बहीण येऊन वहिनींना दोन तास मोकळे करी. पंचवीस मार्चला टाळेबंदी सुरू झाली आणि ही सारी माणसे एका दिवसात नाहीशी झाली. इंदूर त्या दिवसांत देशातील फार बाधित शहरांपैकी एक होते, त्यामुळे बंदोबस्तही तितकाच कडक होता. बंधू बँकेत. बँका चालू होत्या. रोज शंभर माणसांशी संबंध येणारा मनुष्य म्हणून ते बाहेरच्या खोलीत वेगळे राहत व आईच्या जवळ जात नसत. यात त्यांची चूक काहीच नव्हती. परंतु परिणाम असा झाला की, आठ हातांचे काम दोन हातांवर येऊन पडले, आणि ते दोन हात छप्पन्न वर्षांच्या बाईचे होते.

घरातल्या माणसाने केलेल्या शुश्रूषेचा हिशेब सहसा मांडला जात नाही, म्हणून मी तो थोडा मांडतो. अंथरुणाला खिळलेल्या रोग्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाही तर पाठीला व टाचांना जखमा होतात. म्हणजे दिवसरात्र मिळून बारा वेळा. त्याशिवाय अंग पुसणे, कपडे बदलणे, भरवणे, औषधे. आणि घास घशाखाली नीट उतरत नसल्यामुळे एका वाटीभर पेजेला पाऊण तास. रात्रीची झोप दोन-दोन तासांच्या तुकड्यांत. हे एक दिवस कोणीही करील. सत्तर दिवस करणाऱ्या माणसाला रोज संध्याकाळी ‘आई कशी आहे?’ एवढेच ऐकू येत असेल, तर त्याच्या मनाची अवस्था काय होत असेल, याचा विचार मी फार उशिरा केला.

जूनच्या पहिल्या आठवड्यात फोन बंधूंनी घेतला. आईला उचलताना वहिनींची पाठ धरली होती व त्यांना उठता येत नव्हते.

गंमत अशी की, आपल्या भाषेत या माणसाला नेमका शब्दच रूढ नाही. ‘काळजीवाहू’ म्हटले की आपल्याला वर्तमानपत्रातले काळजीवाहू सरकार आठवते! शुश्रूषा हा शब्द मात्र आपल्यापाशी आहे, आणि तो विलक्षण आहे. संस्कृतात त्याचा मूळ अर्थ ‘ऐकण्याची इच्छा’ असा आहे. ‘श्रु’ म्हणजे ऐकणे या धातूपासून तो आला. जवळ बसून ऐकणे, त्यावरून सेवा करणे. वहिनी आईचे ऐकत होत्या. वहिनींचे ऐकणारे कोणी नव्हते.

सरकारी कागदातही हीच उणीव दिसते. २७ एप्रिल २०२० रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सौम्य लक्षणांच्या करोना रोग्यांना घरीच वेगळे ठेवण्याबाबत सूचना काढल्या. घरी राहू देण्याची एक अट अशी होती की, रोग्याची काळजी घेणारे माणूस चोवीस तास उपलब्ध असावे आणि त्याने रुग्णालयाशी सतत संपर्क ठेवावा. त्या माणसाने मास्क कसा लावावा, हात केव्हा धुवावेत, रोग्याची भांडी कशी हाताळावीत, हे सारे त्यात नीट सांगितले होते व ते उपयोगीही पडले. परंतु चोवीस तास उपलब्ध असणाऱ्या या माणसाने झोपावे केव्हा, हे त्यात नव्हते. माझ्या मते हा केवळ लिहिणाऱ्याचा विसर नव्हे. घरात असे कोणी तरी असतेच, हे आपण सर्वांनीच गृहीत धरलेले आहे. २०१९ साली देशात वेळेच्या विनियोगाची जी सरकारी पाहणी झाली, तिच्यात घरच्या माणसांची विनामोबदला काळजी घेणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी १३४ मिनिटे देत असल्याचे आढळले. पुरुषांच्या बाबतीत हा आकडा ७६ होता. स्वयंपाकपाणी, धुणीभांडी यांचा हिशेब यात नाही. तो निराळा आहे, आणि त्यात स्त्रियांची २९९ मिनिटे, तर पुरुषांची ९७. ही स्थिती साथ येण्यापूर्वीची.

साथीच्या रोगात घर आणि सरकार यांचे नाते आपल्याकडे एके काळी अगदी उलटे होते. १८९७ साली पुण्यात प्लेगचा कहर चालू असता रोग्याला घरातून उचलून नेत, आणि म्हणून माणसे रोगी लपवीत. आपल्या माणसाचे आपण घरी करू, एवढाच त्यांचा आग्रह असे. त्याच वर्षी सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करीत असता स्वतः त्या रोगाला बळी पडल्या. १० मार्च १८९७ हा तो दिवस. आपण त्यांचे स्मरण आदराने करतो, पण त्या आदरात एक धोकाही आहे. शुश्रूषा करणाऱ्याने झिजून जावे, हेच जणू शोभते, असे आपल्याला वाटू लागते. घराघरांतल्या वहिनींना त्यागमूर्ती म्हणून मोकळे होणे फार सोपे. त्यांच्या जागी दोन तास बसणे कठीण.

वहिनी अंथरुणाला लागल्यानंतर काय झाले, ते सांगतो. कारण त्यातूनच आम्ही काही शिकलो. पहिली मदत आली ती आमच्या त्या बाईंकडून. त्यांना यायला परवानगी नव्हती. पण बंधूंनी मुखपट्टी लावून आईच्या पलंगाजवळ फोन उभा केला आणि बाईंनी पलीकडून एकेक गोष्ट दाखविली. चादर दुहेरी घडी करून रोग्याच्या खांद्यापासून मांड्यांपर्यंत आडवी घालावी, आणि रोग्याला न ओढता ती चादर धरून सरकवावे. एकट्याने कूस बदलायची तर रोग्याचा पलीकडचा गुडघा दुमडावा, पलीकडचा हात छातीवर घ्यावा, मग खांदा आणि कंबर धरून आपल्याकडे वळवावे. लुळ्या हाताला धरून कधीही ओढू नये. गुडघ्यांमध्ये एक उशी, पोटऱ्यांखाली एक, म्हणजे टाचा अधांतरी राहतात. पलंग ठेंगणा असेल तर त्याचे पाय पक्क्या लाकडी ठोकळ्यांवर घ्यावेत, म्हणजे करणाऱ्याला वाकावे लागत नाही. तीन वर्षांत यातले एक अक्षर आम्हाला कोणी सांगितले नव्हते, आणि आम्हीही बाईंना कधी विचारले नव्हते. बाई रोज हे करीत होत्या आणि आम्ही ‘बाई येऊन जातात’ असे म्हणत होतो. टाळेबंदीच्या महिन्यांचा त्यांचा पगार आम्ही पुरता दिला, हे सांगताना मला संकोच वाटतो. कारण तो द्यावा की नाही, यावर आमच्या घरात दोन दिवस चर्चा झाली होती.

दुसरी मदत दूरच्या माणसांनी करायची होती, म्हणजे माझ्यासारख्यांनी. बडोद्याहून मी आईची कूस बदलू शकत नव्हतो. पण औषधे संपण्यापूर्वी मागविणे, डॉक्टरांशी बोलणे, निवृत्तिवेतनाचे व विम्याचे कागद पाहणे, ही कामे तर फोनवरून होणारी होती, आणि तीही वहिनीच करीत होत्या. ती मी घेतली. दूरध्वनीवरून वैद्यकीय सल्ला देण्याचे रीतसर नियम केंद्र सरकारने टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, २५ मार्च २०२० रोजी, प्रसिद्ध केले होते. रोग्याच्या वतीने त्याची काळजी घेणारा नातेवाईक डॉक्टरांचा सल्ला घेऊ शकतो, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. हे मला जूनपर्यंत माहीत नव्हते. त्याहून उपयोगी पडली ती एक साधी युक्ती. रोज संध्याकाळी सहा ते सात फोनचा पडदा आईच्या समोर ठेवायचा आणि मी तिच्याशी बोलत बसायचे. बोलायला काही नसले तर गप्प बसायचे. तिला ठसका लागला किंवा ती अस्वस्थ झाली तर बंधूंच्या खोलीत दुसऱ्या फोनवर घंटा द्यायची. तेवढा तास वहिनींनी दार लोटून झोपायचे. दुपारचा एक तास बहिणीने घेतला. चोवीस तासांतून दोन तास. पण ते सलग, आणि निर्धास्त.

आणखी एक सांगावेसे वाटते. ‘काही लागले तर कळवा’ हे वाक्य आपण सद्भावनेने बोलतो, पण थकलेल्या माणसाला काय लागते ते सुचत नाही, आणि सुचले तरी मागवत नाही. शेजारच्या काकू वहिनींना म्हणाल्या, ‘मंगळवारी आणि शुक्रवारी तुमच्याकडचा स्वयंपाक माझ्याकडून येईल, डबा दाराशी ठेवीन.’ याला म्हणतात विचारणे.

ज्यांच्या घरी बहीण नाही, भाऊ नाही, शेजारही नाही, त्यांच्यासाठी आज काही दारे उघडी आहेत. मन फार खचले असता बोलण्यासाठी ‘टेलि-मानस’ ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे. तिचा क्रमांक १४४१६. ती केवळ रोग्यांसाठी आहे असे समजू नये. वृद्धांच्या प्रश्नांबाबत माहिती व मार्गदर्शनासाठी १४५६७ हा क्रमांक आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तर मोबदल्याने किंवा मोबदल्यावाचून काळजी घेणाऱ्या माणसाची व्याख्याच दिली असून तीत आईवडील व कुटुंबीय यांचा समावेश आहे. ज्यांना फार मोठ्या आधाराची गरज आहे अशा दिव्यांगांसाठी काळजीवाहकाचा भत्ता देण्याचीही त्यात सोय सांगितली आहे. हा भत्ता पदरात पडणे राज्यातल्या योजनेवर आणि आपल्या चिकाटीवर अवलंबून असते. तरीही अर्ज करावा. कायद्याने ज्या कामाला नाव दिले, त्याला घरातल्यांनीही नाव द्यायला हरकत नसावी.

२०२१ च्या एप्रिलमध्ये दुसरी लाट आली, तेव्हा बंधूंनाच करोना झाला. त्या वेळी कोणी काय करायचे हे आम्ही पहिल्याच संध्याकाळी कागदावर लिहून काढले. बोटाला लावायच्या यंत्रावर प्राणवायूचा आकडा दर काही तासांनी पाहून वहिनी तो मला सांगत व मी डॉक्टरांना कळवीत असे. चौऱ्याण्णवच्या खाली आकडा गेला तर कोणाला फोन करायचा, हेही ठरलेले होते. तो गेला नाही. आईच्या जवळ त्या पंधरवड्यात बाई मुक्कामाला राहिल्या, आपण होऊन.

आई पुढच्या वर्षी गेली, साथीने नव्हे, वयाने. तिचे दिवस झाल्यावर वहिनींनी आवराआवर करताना तिच्या औषधपाण्याची वही मला दिली. रोज काय भरवले, कूस केव्हा बदलली, सारे वेळेनिशी लिहिलेले आहे. मार्च ते मे २०२० ची पाने रात्रीच्या नोंदींनी गच्च भरलेली आहेत, अक्षर उत्तरोत्तर बिघडत गेलेले. जूनच्या अकरा तारखेला सहा ते सातच्या ओळीत पहिल्यांदाच आईचे नाव नाही. तिथे लिहिले आहे, ‘भाऊजींचा फोन. मी झोपले.’