वृत्तपत्राची किंमत कोणी ठरवावी?



पुण्याच्या ‘सकाळ’चा इतिहास सांगताना त्याच्या बातम्यांची आणि संपादकांची चर्चा होते, त्याच्या हिशेबाच्या वहीची होत नाही. परंतु भारतीय वृत्तपत्रस्वातंत्र्याचा एक मूलभूत निर्णय याच वहीतून जन्माला आला आहे.

१ जानेवारी १९३२ रोजी डॉ. ना. भि. परुळेकर यांनी ‘सकाळ’ सुरू केला, तेव्हा पुणे हे मतपत्रांचे शहर होते. १८४९ चा ‘ज्ञानप्रकाश’ आणि १८८१ चा ‘केसरी’ यांची परंपरा लोकमत घडविण्याची होती. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून आलेल्या परुळेकरांनी अग्रलेखाइतकेच महत्त्व बातमीला दिले. नगरपालिकेतील आणि तालुक्याच्या गावातील घडामोडींना जागा मिळाली, आणि सामान्य माणसाला वृत्तपत्र आपले वाटू लागले.

स्वातंत्र्यानंतर वृत्तपत्र-व्यवसायाच्या अर्थकारणाचा प्रश्न पुढे आला. १९५२ साली न्या. राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली पहिला वृत्तपत्र आयोग नेमण्यात आला. समाजवादी चळवळीचे अध्वर्यू आचार्य नरेंद्र देव आणि अर्थशास्त्रज्ञ डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव हे त्याचे सदस्य होते. वृत्तपत्राला दोन गिऱ्हाइके असतात : वाचक आणि जाहिरातदार. ज्याच्यापाशी जाहिराती अधिक, तो उत्पादनखर्चाहून कमी किमतीत जास्त पाने देऊ शकतो; लहान व नव्या पत्राचा मात्र या स्पर्धेत श्वास कोंडतो. यावर आयोगाने १९५४ च्या अहवालात उपाय सुचविला, तो पृष्ठसंख्येशी किंमत बांधण्याचा. त्यानुसार १९५६ साली कायदा आणि १९६० साली आदेश निघाला.

दैवदुर्विलास असा, की या आदेशाचा फटका एका शहरात वाढलेल्या ‘सकाळ’ला बसला. आठवड्यातील सहा दिवस मिळून तो ३४ पाने देत असे. अंकाची किंमत ७ नवे पैसे आणि रोजचा खप सुमारे ५२,००० होता. आदेशाप्रमाणे त्या किमतीत २४ पानेच देता येणार होती. पाने कमी करावीत तर मजकूर घटणार. किंमत वाढवावी तर वाचक तुटणार. ‘सकाळ’ सर्वोच्च न्यायालयात गेला. सप्टेंबर १९६१ मध्ये घटनापीठाच्या वतीने न्या. मुधोळकर यांनी निकाल दिला : विचार पोहोचविण्याचे स्वातंत्र्य हे किती मजकूर, किती लोकांपर्यंत जातो यावरही अवलंबून असते; एकाला उत्तेजन देण्यासाठी दुसऱ्याच्या भाषणस्वातंत्र्यावर मर्यादा घालता येणार नाही. कायदा व आदेश रद्द झाले.

निकाल योग्यच होता. पाने मोजण्याचा अधिकार सरकारच्या हाती गेला, तर पुढे मते मोजण्याचाही मोह होतो. पण म्हणून आयोगाने दाखविलेला रोग खोटा ठरत नाही. १९८२ साली दुसऱ्या आयोगालाही किंमत-पृष्ठ सूत्राकडेच वळावे लागले. १९९४ साली दिल्लीत ‘टाइम्स ऑफ इंडिया’ने अंकाची किंमत उतरविली, तेव्हा त्या रोगाचे उघड दर्शन झाले. खुद्द ‘सकाळ’ही परुळेकरांच्या १९७३ मधील निधनानंतर, १९८० च्या दशकात पवार कुटुंबाकडे गेला आणि पुण्याबाहेर अनेक शहरांतून निघणारा मोठा उद्योगसमूह झाला. आता जाहिरातीच कागदावरून दूरध्वनीच्या पडद्याकडे सरकल्या आहेत, आणि गावोगावच्या पत्रांचा पाया खचतो आहे.

यातून समाजवाद्यांनी घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. बलवानाची पाने कापून दुर्बलाला बळ येत नाही. सरकारी जाहिरातींचे वाटप जाहीर निकषांनी व्हावे, पत्रकारांच्या आणि वाचकांच्या सहकारी मालकीला कायद्याचे पाठबळ मिळावे, ही वाट स्वातंत्र्याला धक्का न लावता विषमता कमी करणारी आहे. परंतु ती कायद्याने पूर्ण होणार नाही. वाचक जितका कमी भार उचलील, तितका तो जाहिरातदार उचलील; आणि जो भार उचलतो, तोच अखेर दिशा ठरवितो. स्वतंत्र पत्राची मागणी करणाऱ्या कार्यकर्त्याने आधी आपल्या गावातील पत्राची वर्गणी भरली आहे की नाही, हे पाहावे.