सूर्याच्या उष्णतेचें मोजमाप

सूर्याची उष्णता मोजण्याकरितां फ्रेंच शास्त्रज्ञ पूये यानें, १८३८ च्या सुमारास, काजळी फासलेली, पाण्यानें भरलेली चांदीची चपटी डबी उन्हांत धरली. पांच मिनिटें सावली, पांच ऊन, पुन्हां पांच सावली. कारण डबी तापतां तापतां निवतही असते आणि ती तूट हिशेबांत धरावी लागते. युक्ति साधी, हिशेब मात्र चोख! अडचण हवेची. ती वाटेंत किती उष्णता गिळते, याचा तर्कच करावा लागे. पूयेचा आंकडा दर चौरस मीटरला सुमारें १२३० वॅट भरतो. १८८१ सालीं अमेरिकन लँग्ले आपला नाजूक बोलोमीटर घेऊन व्हिटनी पर्वतावर गेला. पण तर्क फसला आणि आंकडा दीडपट फुगला. पुढें १९६७ मध्यें विमानानें उष्णतामापकें साडेअकरा किलोमीटर उंच नेलीं. त्यांवरून १३५३ ठरला. तेथेंही थोडी हवा उरतेच. हवेपलीकडील उपग्रह आज १३६१ सांगतात.